चार लाख ऐंशी हजार येणं, पण किती दिवसांचं?

सोलापुरातल्या टॉवेल कारखानदाराला "बाजारात येणी किती?" असं विचारलं, तर तो एका दमात आकडा सांगतो. "त्यातली जुनी किती?" असं विचारलं की तो थांबतो आणि दिवाणजींकडे बघतो. दिवाणजी टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडतात, पार्टीचा खातेउतारा खाली-वर करतात आणि शेवटी म्हणतात, "बघून सांगतो."

हे बघून सांगण्याचं काम सॉफ्टवेअरनं करायचं असतं. उधारीचं वय दाखवणारा हा कागद म्हणजे एजिंग रिपोर्ट. ग्राहकांकडून किती यायचे आणि ते किती दिवसांपासून अडकलेत, हे एका रिपोर्टमध्ये दिसतं. पुरवठादारांना किती द्यायचे आणि त्यांना आपण किती दिवस थांबवलंय, हे दुसऱ्यात. रिपोर्ट तयार मिळतो, बटण दाबलं की येतो. तरीही अनेक ठिकाणी त्यातला आकडा खोटा असतो, आणि दोष सॉफ्टवेअरचा नसतो. रिपोर्ट बरोबर येण्यासाठी आधी काही गोष्टी ठरवाव्या लागतात आणि नंतर रोजच्या नोंदीत त्या पाळाव्या लागतात.

एक उदाहरण घेऊ. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून हैदराबादच्या एका घाऊक व्यापाऱ्याला टॉवेल जातात. मुदत ४५ दिवसांची. ३० सप्टेंबरला त्याच्या नावावर चार बिलं उभी आहेत:

५ जून: १,५०,००० रुपये
२० जुलै: १,८०,००० रुपये
१० ऑगस्ट: ९०,००० रुपये
२५ सप्टेंबर: १,६०,००० रुपये

बेरीज ५,८०,०००. त्याच दिवशी त्यानं १,००,००० रुपये एनईएफटीनं पाठवले. बाकी राहिली ४,८०,०००. खातेउताऱ्यात एवढंच दिसतं.

आता वय मोजू. पहिला प्रश्न: कुठल्या तारखेपासून? बिलाच्या तारखेपासून मोजलं, तर जूनचं बिल ११७ दिवसांचं, जुलैचं ७२, ऑगस्टचं ५१ आणि सप्टेंबरचं ५ दिवसांचं. मुदत संपल्याच्या तारखेपासून मोजलं, तर जूनचं बिल ७२ दिवस थकलेलं, जुलैचं २७, ऑगस्टचं फक्त ६ आणि सप्टेंबरच्या बिलाची मुदत अजून ४० दिवस बाकी. पार्टी तीच, बिलं तीच. पण पहिल्या पद्धतीत ऑगस्टचं बिल जुन्यापैकी वाटतं, दुसऱ्या पद्धतीत ते आत्ताच मुदत ओलांडून गेलेलं आहे.

दोन्ही पद्धती बरोबर आहेत, त्यांची कामं वेगळी आहेत. वसुलीचा फोन करायचा असेल तर मुदतीच्या तारखेवरचा रिपोर्ट घ्या. ज्याची मुदतच संपलेली नाही त्याला तगादा लावला, तर चांगला ग्राहक दुखावतो. कॅश क्रेडिटसाठी, म्हणजे माल आणि येण्यांच्या तारणावरच्या बँक कर्जासाठी, दरमहा स्टॉक स्टेटमेंट (माल आणि येण्यांचा तक्ता) द्यायचं असेल तर बहुधा बिलाच्या तारखेवरचा रिपोर्ट लागतो. बऱ्याच बँका ९० दिवसांवरची येणी ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे किती रक्कम उचलता येईल या हिशेबात, धरत नाहीत. नेमके दिवस किती आणि कुठून मोजायचे, हे तुमच्या मंजुरीपत्रात लिहिलेलं असतं. मालकानं एक रिपोर्ट बघायचा, दिवाणजींनी दुसरा काढायचा आणि दोघांनी आकड्यांवरून वाद घालायचा, असं मी अनेक पेढ्यांवर पाहिलंय. कागदाच्या वर "बिल तारखेप्रमाणे" की "मुदतीप्रमाणे" हे पेनानं लिहून ठेवायची सवय लावा.

टॅलीप्राइममध्ये हे कसं बसवायचं ते सांगतो. एफ११ दाबून बिलवाइज एंट्रीचा पर्याय चालू करा. मग प्रत्येक पार्टीच्या लेजरमध्ये म्हणजे खात्यात 'मेंटेन बॅलन्सेस बिल-बाय-बिल' ला 'येस' करा आणि त्याच्या खालच्या 'डिफॉल्ट क्रेडिट पीरियड' मध्ये त्या पार्टीची मुदत भरा. हा दुसरा रकाना बहुतेक लोक रिकामा सोडतात. तो रिकामा असेल तर बिलाची तारीख हीच मुदतीची तारीख धरली जाते. म्हणजे आज काढलेलं बिल उद्या थकबाकीत दिसतं, सगळा रिपोर्ट लालेलाल होतो, आणि चार दिवसांनी त्याच्याकडे कुणी बघत नाही. दिवाळीच्या मालाला एखाद्या पार्टीला जास्त मुदत कबूल केली असेल, तर तेवढ्या बिलाच्या नोंदीत दिवस बदला. लेजरमधली मुदत बदलू नका.

रिपोर्ट बघायचा तर डिस्प्ले मोअर रिपोर्ट्स, स्टेटमेंट्स ऑफ अकाउंट्स, आउटस्टँडिंग्ज, आणि त्यात रिसीव्हेबल्स म्हणजे येणी, पेयेबल्स म्हणजे देणी. तिथं एफ६ दाबलं की दिवसांचे टप्पे भरता येतात आणि वय बिलाच्या तारखेनं मोजायचं की मुदतीच्या, हेही निवडता येतं. झोहो बुक्स, बिझी किंवा दुसरं काही वापरत असाल तर नावं आणि जागा वेगळ्या असतील, पण प्रश्न हेच विचारले जातील.

इथपर्यंतचं काम अर्ध्या दिवसाचं आहे. खरी मेहनत पुढच्या गोष्टीत आहे.

हैदराबादहून आलेले ते १,००,००० रुपये नोंदवताना टॅली विचारतं, हे पैसे कशाचे? चार उत्तरं असतात. 'न्यू रेफ' म्हणजे नवीन बिल उभं करणं, ते विक्रीच्या वेळी वापरायचं. 'अगेन्स्ट रेफ' म्हणजे अमुक बिलापोटी. 'ॲडव्हान्स' म्हणजे आगाऊ. आणि 'ऑन अकाउंट' म्हणजे खात्यावर जमा, बिल नंतर बघू. घाईत चौथं उत्तर दिलं जातं, कारण ते सोपं आहे.

ते दिलं की काय होतं बघा. जूनचं १,५०,००० चं बिल रिपोर्टमध्ये पूर्णच्या पूर्ण ९० दिवसांवर उभं राहतं, आणि १,००,००० वेगळ्या ओळीत उणे होऊन पडतात. बेरीज ४,८०,००० बरोबर येते, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण मालक त्या पार्टीला फोन करून म्हणतो, "तुमच्याकडे दीड लाख जूनपासून थकलेत." समोरचा म्हणतो, "लाख रुपये परवा पाठवले की!" आपण खजील होतो आणि उरलेल्या ५०,००० चा विषय राहूनच जातो. असं दहा पार्ट्यांच्या बाबतीत वर्षभर झालं, की शेवटी रिपोर्टवरचा विश्वास उडतो आणि पुन्हा वही निघते.

मग आलेले पैसे कुठल्या बिलाला लावायचे? "सगळ्यात जुन्या बिलाला" हे उत्तर बहुतेक जण देतात. ते नेहमी बरोबर नसतं. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम ५९ ते ६१ याच प्रश्नावर आहेत आणि त्यांची रचना अगदी व्यवहाराला धरून आहे. पैसे देणाऱ्यानं "हे अमुक बिलाचे" असं सांगितलं असेल, किंवा परिस्थितीवरून तसं उघड दिसत असेल, आणि आपण ते पैसे घेतले, तर ते त्याच बिलाला लावायचे. त्यानं काही सांगितलं नसेल तर कुठल्या बिलाला लावायचे हे घेणाऱ्यानं ठरवायचं. दोघांनीही काही ठरवलं नसेल तर तारखेच्या क्रमानं, जुनं आधी.

समजा हैदराबादवाल्यानं व्हॉट्सअॅपवर लिहिलंय, "जुलैच्या बिलापोटी १ लाख पाठवतो." तर ते जुलैलाच लावा. आणि लगेच विचारा की जूनचं का सोडलं. कदाचित त्या मालाचा रंग सुटला असेल, नग कमी निघाले असतील, दराचा घोळ असेल. जूनचं बिल सोडून पुढच्याचे पैसे येतात, तेव्हा बहुधा त्या बिलावर एखादी न बोललेली तक्रार असते. सरसकट जुन्या बिलाला पैसे लावत गेलात, तर ती तक्रार तुमच्या हिशेबात दिसतच नाही आणि वर्षभरानं एकदम समोर येते. एजिंग रिपोर्टचा माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा उपयोग हा आहे. कोण पैसे देत नाही हे तर तो दाखवतोच, पण कुठल्या मालावर कुरबुर आहे हेही दाखवतो.

चिल्लर बाक्यांचाही बंदोबस्त करा. वटाव (सूट), दरफरक, कसर, टीडीएस (आधीच कापलेला आयकर) अशा कारणांनी बिलाचे तीनशे-चारशे रुपये उरतात आणि ते बिल २०० दिवसांच्या रकान्यात लटकत राहतं. कारण खरं असेल तर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) किंवा जर्नल नोंद करा आणि तीसुद्धा 'अगेन्स्ट रेफ' करून त्याच बिलाला लावा. नुसतं खातं जुळवून बिल मिटत नाही.

चेक परत आला तर आणखी काळजी घ्यावी लागते. जूनच्या बिलाचा चेक ऑगस्टमध्ये वटला नाही, तर दिवाणजी ती रक्कम पुन्हा पार्टीच्या नावे टाकतात आणि सॉफ्टवेअरनं विचारलं की 'न्यू रेफ' देऊन मोकळे होतात. झालं, जूनची उधारी ऑगस्टमध्ये नव्यानं जन्माला आली. जी पार्टी सगळ्यात अवघड, तीच रिपोर्टमध्ये तरुण दिसू लागते. परतीची नोंद मूळ बिलाच्याच नंबरावर करा, म्हणजे त्याचं जुनं वय परत येईल.

सुरुवातीची शिल्लक भरतानाही नेमकी हीच चूक होते. नवं सॉफ्टवेअर घेतलं किंवा नव्या वर्षासाठी सॉफ्टवेअरमध्ये नवी कंपनी उघडली, की पार्टीची ओपनिंग बाकी एका रकमेत, १ एप्रिलच्या तारखेनं भरली जाते. तीन वर्षांपूर्वीची उधारी एका रात्रीत शून्य दिवसांची होते. ओपनिंग बाकी भरताना सॉफ्टवेअर बिलांची फोड मागतं. बिल नंबर, मूळ तारीख, मुदत आणि रक्कम, एकेक ओळ भरा. कंटाळवाणं काम आहे. पण त्यात पैसे अडकलेले आहेत, कारण १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाची किंमत वसूल करण्यासाठी दावा तीन वर्षांत लावावा लागतो. उधारीची मुदत ठरली नसेल तर माल पोचवल्यापासून, ठरली असेल तर ती संपल्यापासून ही तीन वर्षं मोजतात. ही तीन वर्षं संपण्याआधी पार्टीनं बाकी मान्य असल्याचं लेखी सही करून दिलं, तर तिथून नवी तीन वर्षं सुरू होतात. म्हणून मी ९०० दिवसांवरचा एक वेगळा टप्पा ठेवतो. त्यात नाव आलं की बाकी-खात्रीचं पत्र सहीसाठी पाठवायचं. मूळ तारीखच हरवली असेल तर हा टप्पा कधी आला हे कळणारच नाही.

टप्पे ठरवताना ०-३०, ३०-६०, ६०-९० हे छापील टप्पे मुकाट्यानं स्वीकारू नका. तुमची मुदत ४५ दिवसांची असेल तर पहिला टप्पा ४५ चा हवा, पुढे ९०, १८०, ३६५ आणि ९००. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर ताळेबंदासाठी कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ३ मध्ये टप्पे ठरवून दिलेले आहेत. ते वर्षअखेरीला तुमचे सीए काढून घेतील. रोजच्या वसुलीसाठी त्यांचा उपयोग नाही, कारण त्यात पहिलाच टप्पा सहा महिन्यांचा आहे.

आता देण्याकडे येऊ. हा रिपोर्ट बहुतेक ठिकाणी कुणी उघडतच नाही. येणी ही आपली चिंता, देणी ही दुसऱ्याची, असा एक समज असतो. पण कारखान्याला सूत, रंगणी, सायझिंग (सुताला खळ देणं), शिलाई, पॅकिंग या प्रत्येक ठिकाणी देणं असतं आणि त्यातल्या बहुतेक देण्यांना कायद्याचं घड्याळ लावलेलं आहे.

पहिलं घड्याळ १८० दिवसांचं. पुरवठादाराच्या बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर त्या बिलावर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, व्याजासह परत करावं लागतं. पैसे दिल्यावर क्रेडिट पुन्हा मिळतं, व्याज मात्र गेलं ते गेलं. दुसरं घड्याळ १५ आणि ४५ दिवसांचं. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. हे दिवस माल किंवा काम स्वीकारल्यापासून मोजायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागू होतं. आणि २०२३ च्या वित्त कायद्यानं आणलेल्या, ४३बी(एच) या नावानं बाजारात सगळ्यांच्या तोंडी बसलेल्या तरतुदीमुळे, अशा उद्योगाचे मुदतीबाहेर गेलेले पैसे ३१ मार्चपर्यंत दिले नसतील तर तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा मिळत नाही. ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी मिळतो.

इथं एक फरक लक्षात ठेवा. ही तरतूद उत्पादन करणाऱ्या आणि सेवा देणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी आहे. नुसती खरेदी-विक्री करणारा सुताचा व्यापारी 'उद्यम' या सरकारी उद्योग-नोंदणीत असला तरी त्यात येत नाही, रंगणीवाला आणि सायझिंगवाला येतो. मध्यम उद्योगही येत नाही. म्हणून सगळ्या पुरवठादारांकडून उद्यम प्रमाणपत्राची प्रत मागवा आणि त्यावरचा प्रकार लेजरमध्ये नोंदवा. टॅलीप्राइमच्या नव्या आवृत्त्यांत त्यासाठी वेगळी जागाच आहे. ती नसेल तर अशा पार्ट्यांचा वेगळा ग्रुप करा, म्हणजे त्यांचा रिपोर्ट एकत्र निघेल.

देण्यांचे टप्पे मी असे ठेवतो: १५, ४५, १५०, १८० आणि त्यावर. १५० ते १८० हा रकाना इशाऱ्यासाठी आहे. १८० च्या वर गेल्यावर कळून उपयोग काय?

देण्यांच्या बाबतीत तारखेची एक गफलत हमखास होते. रंगणीवाल्याचं बिल ३ तारखेचं, ते टेबलावर आलं २० ला, आणि खरेदीची नोंद झाली २० च्या तारखेनं. आपल्या रिपोर्टमध्ये देणं सतरा दिवसांनी तरुण झालं. कायद्याचं घड्याळ मात्र आधीच चालू झालेलं असतं. बिलाचा संदर्भ पुरवठादाराच्याच नंबरानं आणि त्याच्याच तारखेनं द्या, आणि रिपोर्ट कुठली तारीख उचलतोय हे एखादं बिल उघडून पडताळून बघा.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्याचे हिशेब मी बघत होतो. एका दुपारी काठ शिवून देणाऱ्या एक मावशी ऑफिसच्या पायरीवर येऊन बसल्या. "दादा, माझं बिल बघा की. दोन महिने झाले." बिल ११,४०० रुपयांचं होतं. मी देण्यांची यादी नेहमी रकमेच्या क्रमानं काढायचो. मोठे वर, लहान खाली. वरच्या पाच नावांचे पैसे वेळेवर जायचे, कारण ते फोन करायचे. मावशी यादीच्या शेवटच्या पानावर होत्या आणि ते पान आम्ही कुणी उलटलं नव्हतं. त्यांची उद्यम नोंदणी नव्हती, म्हणजे ४५ दिवसांचा कायदाही त्यांच्या मदतीला येणार नव्हता. त्या दिवसापासून मी देण्यांची यादी फक्त दिवसांच्या क्रमानं काढतो. पहिल्यांदा तशी काढली तेव्हा सगळ्यात वर जी नावं आली, ती जवळजवळ सगळी छोट्या रकमांची होती. शिलाई, हमाली, सुट्टे भाग. ती सगळी बिलं मिळूनही एका सुताच्या बिलाएवढी भरत नव्हती.

रिपोर्ट बरोबर आहे का, हे तपासायची एक साधी कसोटी आहे. येण्यांच्या रिपोर्टची बेरीज आणि ताळेबंदातल्या संड्री डेटर्सचा, म्हणजे एकूण येण्यांचा, आकडा शेजारी ठेवा. ते जुळत नसतील तर बहुधा एखाद्या लेजरमध्ये बिल-बाय-बिल 'नो' राहिलेलं असतं, आणि ती पार्टी रिपोर्टमध्ये येतच नाही. देण्यांची बेरीज संड्री क्रेडिटर्सशी, म्हणजे ताळेबंदातल्या एकूण देण्यांशी, तशीच ताडून बघा. बेरीज जुळली तरी उणे रकमा वेगळ्या काढून बघा. त्यात ऑन अकाउंट पडलेले पैसे असतात किंवा ग्राहकानं दिलेली आगाऊ रक्कम असते. यातल्या आगाऊ रकमांमुळे एकूण येणी आहेत त्यापेक्षा कमी दिसतात.

आजवरचा सगळा गोंधळ एकदम निस्तरायला बसू नका. सगळ्यात मोठ्या बाकीच्या दहा पार्ट्या घ्या, त्यांचे ऑन अकाउंट पैसे बिलांना लावा, त्यांच्याकडून खातेउतारा मागवून ताळा करा. मग पुढच्या दहा. नव्या नोंदी मात्र आजपासूनच बिलाला लावून करा.

आणि फोनची सुरुवात सगळ्यात जुन्या बिलापासून करू नका. ज्यांची मुदत नुकतीच संपलीय त्यांना आधी फोन करा. तिथं माल अजून दुकानात असतो, बिल्टी म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती हाताशी असते, आठवण ताजी असते. बिलाची आणि बिल्टीची प्रत समोर ठेवून, पार्टीची खुशाली विचारून, एवढंच म्हणायचं: "शेठ, १० ऑगस्टच्या बिलाचे ९०,००० आहेत, मुदत २४ सप्टेंबरला झाली. मालाबद्दल काही सांगायचं होतं का?"